आजन्म मोफत क्रेडिट कार्ड: पाचपैकी साडेतीन

वार्षिक फी खरंच शून्य, ॲपही झकास. परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं मी ॲपमधूनच बंद ठेवलंय. टॅपला ५००० रुपयांपर्यंत पिनच लागत नाही, इचलकरंजीच्या बाजारात कार्ड पडलं तर?

बिलावर मात्र ‘किमान देय’ ठळक आणि पूर्ण रक्कम बारीक. लबाडीच ही! फक्त तेवढंच भरलं की महिना साडेतीन टक्के व्याज, म्हणजे वर्षाला ४२, वर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही गेली. आमचा सूतवाला शेठसुद्धा इतकं लावत नाही. म्हणून ऑटो-डेबिट ‘संपूर्ण रक्कम’वर लावा. एटीएममधून रोख काढूच नका, व्याज त्याच दिवसापासून.

लिमिट वाढवतो म्हणून ओटीपी मागणारे फोन येतात. सरळ कट करा. फसलातच तर आधी कार्ड ब्लॉक, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन.