गावातून हळद-तिखट विकायचं: अ‍ॅपवर की व्हॉट्सअ‍ॅपवर?

मागच्या महिन्यात शेजारच्या गावातल्या बचत गटाच्या दोघी घरी आल्या. पिशवीत जवसाच्या चटणीची पाकिटं, मुगवड्या, हळद. व्हॉट्सअ‍ॅपवर महिन्याला पंधरा-वीस ऑर्डरी येतात, त्यापुढे गाडी सरकत नाही. गटातल्या एकीचा पोरगा म्हणतो, "काऊन बसल्या व्हॉट्सअ‍ॅपवर? मीशो-अ‍ॅमेझॉनवर टाका ना!" टाकावं का, हा त्यांचा प्रश्न. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातून हळद-तिखट विकताना मी दोन्हीकडं हात पोळून घेतले आहेत, म्हणून त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहिते.

आधी एक पाहा: गिऱ्हाईक कोणाचं राहतं? अ‍ॅपवरून आलेलं गिऱ्हाईक अ‍ॅपचं. त्याचा खरा नंबर सहसा तुमच्या हाती येत नाही. पाकिटात चिठ्ठी घालून "पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या" असं सांगायला गेलात तर खातं बंद व्हायची भीती. त्या बाईला तुमची हळद कितीही आवडो, दोन महिन्यांनी ती पुन्हा 'हळद पावडर' शोधणार, आणि वर मोठ्या कंपन्यांची पाकिटं दिसणार. व्हॉट्सअ‍ॅपवर तीच बाई तुमच्या फोनमध्ये बसलेली असते.

आपल्या मालाला हा फरक फार मोठा आहे, कारण आपला माल संपणारा आहे. अर्धा किलो तिखट चौघांच्या घरात दीड-दोन महिने पुरतं, मग परत लागतंच. माझ्या वहीत निम्म्याहून जास्त ऑर्डरी जुन्याच घरांच्या आहेत. "ताई, मागच्यासारखंच पाठवा," एवढ्या एका ओळीवर पार्सल निघतं. भाव विचारणं नाही, फोटो मागणं नाही.

म्हणून वीस ऑर्डरींवर अडकलेल्या गटाला मी पहिलं विचारते, जुन्या गिऱ्हाइकांना मागचा मेसेज कधी केला होता? त्या दोघी एकमेकींकडं पाहायला लागल्या. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये लेबल लावता येतात, कॅटलॉग करता येतो, पण साधी वहीही चालते: कोणी, कोणत्या तारखेला, किती वजन नेलं. सहा आठवडे झाले की मेसेज. एक गोष्ट बऱ्याच जणींना ठाऊक नसते. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम सगळ्यांना टाकलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. तुम्ही दीडशे जणांना पाठवला म्हणून खूश, आणि पोचतो चाळीस जणांना. पाकिटावर नंबर मोठा छापा आणि पार्सल पोचल्यावर सेव्ह करायला सांगा.

अ‍ॅपची बाजूही खरी आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा घेर म्हणजे पाहुणे, पाहुण्यांचे शेजारी, आणि पुण्याच्या हिंजवडीत नोकरीला असलेली आपल्या गावची पोरं. तो घेर कधी ना कधी संपतो. सांगलीच्या अनोळखी माणसानं तुमच्या नावावर पैसे का टाकावेत? अ‍ॅपवर तो टाकतो, कारण त्याचा भरवसा अ‍ॅपवर असतो. अनोळखी माणूस आणून देणं हे अ‍ॅपचं काम, आणि त्याची किंमत तुम्ही मोजायची.

ती किंमत किती, ते पाकिटाच्या हिशेबानं पाहा. समजा जवसाच्या चटणीचं २०० ग्रॅमचं पाकीट १०० रुपयांना. जवस, लसूण, तिखट, गॅस, पाकीट, बायांची मजुरी धरून ६० गेले. उरले ४०. मीशो विक्रेत्याकडून कमिशन घेत नाही. अ‍ॅमेझॉननंही एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांखालच्या बऱ्याच वस्तूंवरची रेफरल फी, म्हणजे तिचं कमिशन, काढली. ऐकायला फुकट वाटतं. पण पोचवण्याचा खर्च कुठंतरी बसतोच. तो किमतीत मिळवला की तुमचं पाकीट शेजारच्या कारखान्याच्या पाकिटापेक्षा महाग दिसतं, स्वतः सोसला तर ४० मधलं काही उरत नाही. वर दिसायचं असेल तर जाहिरातीचे पैसे वेगळे.

आणि कॅश ऑन डिलिव्हरी. एका अ‍ॅपवर मी पहिल्याच हंगामात तीस पाकिटं पाठवली, त्यातली अकरा परत आली. कोणी फोन उचलला नाही, कोणी दारातून "नको" म्हटलं. एप्रिल-मेच्या उन्हात पंधरा-वीस दिवस गाडीत आणि गोदामात फिरून आलेली चटणी, तेल बाहेर आलेलं. ती विकायची कोणाला? खाण्याच्या मालाला परतीचा मार कपड्यापेक्षा जास्त बसतो. साडी परत आली तर घडी घालून ठेवता येते.

थेट विकताना हा त्रास जवळजवळ नाही, कारण पैसे आधी यूपीआयवर येतात. पण टपालखर्च डोळ्यांत येतो. १०० रुपयांच्या चटणीला ८०-९० रुपये टपाल कोण देईल? म्हणून आम्ही सुटं पाकीट पाठवणंच बंद केलं. हळद, तिखट, चटणी, मुगवड्या मिळून दोन-अडीच किलोचा एकच डबा. पार्सलमध्ये वजनाच्या पहिल्या टप्प्याला जो मार बसतो तो पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला बसत नाही. पोस्टाच्या खिडकीवर वेगवेगळ्या वजनांचे दर विचारून घ्या आणि डबा त्या टप्प्याच्या थोडा खालीच ठेवा. कुरिअरवाला आमच्या गावात उचलायला येत नाही, हिंगणघाटला नेऊन द्यावं लागतं. पोस्टमन मात्र रोज येतो.

त्याहून स्वस्त तोड म्हणजे ट्रॅव्हल्स. नागपूरहून पुण्याला रात्रीच्या गाड्या रोज सुटतात. तिकडं एक भरवशाची वहिनी किंवा भाचा गाठा, त्याच्या सोसायटीतल्या दहा घरांची ऑर्डर एका पोत्यात पाठवा, त्याला त्याचा वाटा द्या. आमची विक्री सगळ्यात जास्त वाढली ती ह्यानं. कोणतंही अ‍ॅप न लावता.

आता कागद. इथं गफलत करू नका. खाण्याचा माल म्हटला की एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा खात्याची, नोंदणी दोन्हीकडं लागते, आणि तो १४ आकडी नंबर पाकिटावर हवा. शिवाय वजन, एमआरपी, तयार केल्याची तारीख, पत्ता. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी विचारत नाही म्हणून सोडून देतात, पण नियम तिथंही तोच.

जीएसटीचं थोडं गुंतागुंतीचं आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून वस्तू विकणाऱ्या लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणी न करताही अ‍ॅपवर विकता येतं. पॅन देऊन जीएसटीच्या पोर्टलवरून एक एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. अट अशी की माल राज्याच्या आतच विकायचा. आपल्याकडं ह्याची गंमत होते. यवतमाळ-चंद्रपूरच्या माणसाला तेलंगणातलं आदिलाबाद उशाशी आहे, पण तिथं विकता येत नाही, आणि पार सिंधुदुर्गात विकता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून विकलं तरी राज्याबाहेर हळद-तिखट पाठवायला नोंदणी लागतेच. गिऱ्हाईक हैदराबाद-रायपूरचं जास्त असेल तर नोंदणी करून टाका आणि रिटर्न भरणाऱ्याची फी खर्चात धरा. सगळं पुण्या-मुंबईत जात असेल तर घाई नको.

नावाचंही सांभाळा. वायगाव हळद आणि भिवापूर मिरची ह्या दोन्हींना भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातल्या मालालाच लावता येतं. आपली हळद त्या हद्दीतली नसेल, किंवा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नसेल, तर पाकिटावर ते नाव छापू नका. आपल्या गावाचं नाव छापा, तेही चालतं.

स्वतःची वेबसाइट? सध्या सोडा. महिन्याचं भाडं, पैसे घेण्याची व्यवस्था, आणि तिथवर माणूस आणायचा कोणी? इन्स्टाग्रामवर मात्र रील टाका, पण दुकान समजून नाही. मिरचीचं कांडप, हळद शिजवतानाची वाफ, हे शहरातल्यांना पाहायला आवडतं. पाहणारे हजार असले तरी घेणारे चार असतात, आणि त्या चौघांना व्हॉट्सअ‍ॅपवर आणायचं.

तर त्या दोघींना मी सांगितलं ते असं. खाण्याचा माल, महिन्याला पन्नासच्या आत ऑर्डरी, घरी लिहिण्या-वाचण्याला एकच जण असेल तर व्हॉट्सअ‍ॅप आणि पोस्टच धरा. वहीतली जुनी घरं सगळी हलवून झाली, तरी हाती माल उरतोय, तेव्हा अ‍ॅपवर जा. तिथंही सगळा माल नको, न सांडणारी, न फुटणारी एकच वस्तू टाका. आमच्याकडं ती हळद आहे. तेल सुटणारी चटणी अ‍ॅपवर पाठवायची नाही, हे आता घरात ठरलेलं. तुमचा गट बांबूच्या टोपल्या किंवा कापडी पिशव्या करत असेल तर माझं सगळं गणित उलटं धरा. ती वस्तू एकदाच घेतात, परत आली तरी खराब होत नाही, सतत नवं गिऱ्हाईक लागतं. त्यांनी अ‍ॅपपासूनच सुरुवात करावी.

वेळ मात्र चुकवू नका. दर दोन महिन्यांनी घेणारी घरं सोडली, तर आपली बरीच माणसं वर्षाचं तिखट-हळद उन्हाळ्यातच भरतात. नवी मिरची वाळून येते, हळद शिजून निघते, आणि मार्च ते मे एवढ्यात वर्षाची मोठी विक्री होऊन जाते. त्या वेळी अ‍ॅपवर खातं उघडत, फोटो काढत, कागद चढवत बसलात तर हंगाम गेला. मी संक्रांत झाली की वही काढते आणि तिळगुळाच्या मेसेजसोबतच विचारते, "यंदा किती किलो धरू?"