मांडवी एक्स्प्रेस: कणकवली ते सीएसएमटी

परवा आईला घेऊन मांडवीने मुंबईला आले. कणकवलीला चढल्यापासून तिने खिडकी सोडली नाही. रत्नागिरीच्या अलीकडे पानवलचा ६४ मीटर उंच पूल आला, तेव्हा खालची झाडं कोथिंबिरीच्या जुड्यांसारखी दिसत होती. पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. तो संपेपर्यंत आईने माझा हात घट्ट धरून ठेवला.

पॅन्ट्रीचं खाणं गरमागरम होतं. या गाडीचं त्यासाठी नाव आहे ते उगाच नाही.

माझे आजोबा गिरणीत होते. देवगडहून बोटीने जायचे. बोट लांब उभी, मग ट्रंक सांभाळत पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, जाऊन हेलकावणाऱ्या शिडीला लागायचं. पावसाळ्यात बोट बंद. चाकरमानी मुंबईत, घरचे गावात. बोरीबंदर ते ठाणे वाफेची गाडी १६ एप्रिल १८५३ लाच धावली होती. १८६३ ला ती बोरघाट चढली, देशावरचा कापूस भराभर मुंबईत उतरू लागला, गिरण्या वाढल्या. त्या गिरण्यांत राबायला आपली माणसं गेली, पण आपल्याकडे कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडला. आजोबांना ही गाडी बघायला मिळाली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सीएसएमटीला उतरल्यावर आई म्हणाली, "हेच ना गो बोरीबंदर?" आणि फलाटावर जरा वेळ उभी राहिली.

वयस्कर माणसांना दिवसाच्या याच गाडीने न्या. खिडकी मात्र आधीच बघून ठेवा.