शीट, बोर्ड की ग्रुप? छोट्या धंद्यातल्या कामाची नोंद कुठे ठेवावी

चार-पाच जणांच्या धंद्यात बहुतेकदा आधी अ‍ॅप घेतलं जातं आणि त्यात भरायचं काय हे नंतर ठरतं. निवडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा. सहा महिन्यांनी ग्राहकाने "आपलं नक्की काय ठरलं होतं?" असं विचारलं, तर तुम्ही कुठे बघाल? ज्या जागी उत्तर मिनिटभरात सापडेल, ती तुमची नोंदीची जागा. बाकी सगळं बोलण्यासाठी.

म्हणून ग्रुप लगेच बाद होतो. निरोप पोचवायला व्हॉट्सअ‍ॅप किंवा स्लॅक (ऑफिसातल्या गप्पांचं अ‍ॅप) उत्तमच, पण सकाळी सांगितलेलं काम दुपारपर्यंत निरोपांच्या ढिगाखाली जातं. 'हो, करतो' म्हणणाऱ्याच्याही ते लक्षात राहत नाही. स्लॅकच्या मोफत योजनेत तर गेल्या ९० दिवसांचेच निरोप वाचता येतात. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये ग्राहकांना लेबलं लावता येतात. एकट्याने धंदा सांभाळणाऱ्याला तेवढं पुरतं. जोडीला माणसं आली की मात्र ते पुरत नाही.

खरी निवड आहे ती शीट, म्हणजे ओळी-रकान्यांचा तक्ता, आणि बोर्ड, म्हणजे कामांची कार्डं लावलेला फळा, यांच्यात.

माझा कल शीटकडे आहे, कारण ती कोणाला शिकवावी लागत नाही आणि बेरीज करते. एक्सेल की गूगल शीट्स, हे किती हात लागणार त्यावर ठरवा. हिशेब एकच माणूस बघत असेल आणि इंटरनेटचा भरवसा नसेल, तर एक्सेल घ्या. पैसे घालायचे नसतील तर लिब्रेऑफिस या मोफत प्रोग्रामवरही साध्या नोंदी आरामात होतात. दोन-तीन जण रोज भरणार असतील तर गूगल शीट्स. फाईल एकच राहते, आणि कोणी चुकून मजकूर पुसला तर आवृत्ती-इतिहासात (व्हर्जन हिस्टरी) जाऊन कालची शीट परत आणता येते. हा इतिहास एकदा तरी उघडून बघाच. तो आहे हे माहीत नसल्यामुळे लोक अख्खा महिना पुन्हा टंकत बसतात. वनड्राइव्हवरच्या (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवणीची जागा) एक्सेल फाईलमध्येही एकत्र काम करता येतं, पण तिथे मोफत जागा ५ जीबी मिळते. गूगलच्या खात्यात १५ जीबी मिळते, ती मात्र जीमेल आणि फोटो धरून.

शीटचे धोके मात्र नीट समजून घ्या, कारण ती चुकते तेव्हा आवाज करत नाही. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच खरे ठेवतं. सोळावा अंक शून्य होतो. त्यामुळे लांबलचक खाते क्रमांक भरण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करून ठेवा, म्हणजे सुरुवातीचं शून्यही गळत नाही. दुसरं, एकच रकाना निवडून क्रम लावला, तर नावं एकीकडे आणि रकमा दुसरीकडे होतात. मी हे स्वतः केलं आहे. थकबाकीची यादी होती आणि कोणाचे किती हे बिलं काढून पुन्हा जुळवण्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून क्रम लावण्याआधी मी पूर्ण तक्ता निवडतो, आणि 'स्थिती'च्या रकान्यात ड्रॉपडाउन, म्हणजे ठरावीक पर्यायांची यादी, देतो, म्हणजे एकाने 'झालं' आणि दुसऱ्याने 'पूर्ण' लिहायचा प्रश्नच उरत नाही.

मग बोर्ड कधी? काम एका हातातून दुसऱ्या हातात जात असेल तेव्हा. ट्रेलोसारख्या बोर्डावर प्रत्येक काम म्हणजे एक कार्ड. ते 'आलं', 'चालू', 'तपासणी', 'दिलं' अशा रांगांमधून सरकतं. मूळ कल्पना टोयोटाच्या कारखान्यातल्या कानबान, म्हणजे कामाची खूण देणाऱ्या, कार्डांची. 'तपासणी'त नऊ कार्डं साचली की अडलंय कुठे ते कोणालाही विचारावं लागत नाही. शीटमध्ये ही गर्दी दिसत नाही. उलट बोर्डावर रकमांची बेरीज सहजी मिळत नाही, म्हणून येणं-देणं तिथे ठेवू नका. ट्रेलोच्या मोफत योजनेत १० बोर्ड आणि १० माणसं बसतात, छोट्या धंद्याला ते भरपूर. फक्त बाहेर पडताना मोफत योजनेत माहिती जेसन (JSON) या प्रोग्रामसाठीच्या फाईलमध्ये मिळते आणि ती उघडून सरळ वाचता येत नाही. शीट कुठेही नेता येते.

माझा सल्ला असा: दर कामाला एकच माणूस लागत असेल तर शीटवरच थांबा. प्रत्येक काम तीन हातांतून जात असेल तर बोर्ड घ्या, पण पैशांसाठी शीट चालूच ठेवा. दोन्हीकडे तेच तेच भरायला लावू नका. आठवड्यात एक जागा ओस पडते आणि नेमकी कुठली ते कळत नाही.

काहीही निवडलंत तरी फाईल किंवा बोर्ड धंद्याच्या खात्यातून उघडा, कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यातून नको. ती व्यक्ती सोडून गेली आणि तिने खातं बंद केलं, तर त्या खात्यातली शीटही तुमच्या हातची जाईल.