निळ्या पोर्टला भुललो

साडेचार हजार रुपये रोख गेले. ज्या गोष्टीवर खूश होऊन दिले, तीच खोटेपणाची खूण होती, हे नंतर कळलं.

लेकाची बारावी संपली की ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरवर गेमची चित्रं उमटवणारं कार्ड, घ्यायचं, असं कबूल केलं होतं. घरचा मॉनिटर जुना, त्याला फक्त व्हीजीए, म्हणजे जोडणीचं ते जुनं निळं पोर्ट. सोलापूरच्या नवी पेठेत दोन-तीन दुकानांत विचारलं, पण नव्या कार्डांचे भाव ऐकून मुकाट्यानं परत आलो. मग मोबाईलवर जुन्या मालाची जाहिरात दिसली: एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स 1050 टीआय कार्ड, 4 जीबी मेमरी, वर्षभर वापरलेलं, बिल नाही. 'बिल नाही' हे वाचूनही गेलो, याला काय म्हणायचं!

सात रस्त्याजवळ जाहिरात देणारा पोरगा भेटला. एप्रिलचं सोलापुरी ऊन, डोकं आधीच तापलेलं. त्याच्या खोलीवर कार्ड मशीनला लावलेलंच होतं. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली जोडलेल्या भागांची यादी, उघडून त्यानं कार्डाचं नाव दाखवलं. "बघा की काका, विंडोजच सांगायलंय." मी वाकून मागं बघितलं. डीव्हीआय, छोटं एचडीएमआय आणि निळं व्हीजीए. मनात म्हटलं, चला, मॉनिटरचे पैसे वाचले! एखादा गेम लावून दाखव म्हणालो, तर नेट संपलंय म्हणाला. पैसे मोजले. निघताना कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे ड्रायव्हरचा, एक पेनड्राइव्ह दिला, "ह्यातलाच ड्रायव्हर टाका, नवीन टाकू नका."

घरी व्हिडिओ छान चालले. लेकानं गाड्यांचा गेम लावला, रस्ता दिसला, दोन वळणं झाली आणि पडदाभर हिरव्या-गुलाबी पट्ट्या. मग मशीन बंद. तीन दिवस हेच. आधी मी मशीनला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसला दोष दिला, मग उन्हाला.

रविवारी भाचा आला. त्यानं जीपीयू-झेड नावाचं, कार्डाची माहिती दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं. कार्डाच्या नावाआधीच 'फेक' लिहून आलं. खाली चिप जीएफ 116, कोर (चिपमधले आकडेमोड करणारे भाग) 192. खऱ्या 1050 टीआयला 768 असतात. "मामा, हे फर्मीच्या काळातलं कार्ड हाय," तो म्हणाला. फर्मी ही एनव्हिडियाच्या चिपांची जुनी पिढी, म्हणजे 2010-11 च्या सुमाराची चिप, आणि खरं 1050 टीआय आलं ऑक्टोबर 2016 मध्ये. कार्डाचा बायोस, म्हणजे त्याच्या आत भरलेलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून त्यात खोटं नाव आणि मेमरीचा खोटा आकडा भरलेला. विंडोज बिचारं तिथलंच वाचून दाखवतं. नवा ड्रायव्हर का नको होता, तेही उमगलं. फर्मीसाठी नवे ड्रायव्हर काढणं एनव्हिडियानं 2018 मध्येच थांबवलं.

मग त्यानं निळ्या पोर्टवर बोट ठेवलं. 1050 टीआयच्या चिपमधून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल निघतच नाही. त्या नावाच्या कार्डाला निळं पोर्ट दिसलं की तिथनंच उठायचं. कार्डाला जादा वीज देणाऱ्या सहा पिनांच्या वायरवरून मात्र काही ठरवू नका, काही खऱ्या कार्डांनाही ती लागते.

पोराचा फोन तेव्हापासून बंद. खोलीवर गेलो, कुलूप.

पुढच्या आठवड्यात शहाणा होऊन दुकानातून एनव्हिडियाचंच जीटी 1030 हे छोटं कार्ड घ्यायला गेलो आणि पुन्हा फसता फसता वाचलो. ह्या एकाच नावाची दोन कार्डं मिळतात. जीडीडीआर 5 मेमरीचं सेकंदाला 48 जीबी डेटा हलवतं, डीडीआर 4 चं जेमतेम 16.8. किमतीत फरक थोडा, गेममध्ये मात्र चांगलाच जाणवणारा. "1030 म्हणजे 1030 च ओ साहेब," दुकानदार म्हणाला. खोक्यावर बारीक अक्षरात डीडीआर 4 छापलेलं होतं, त्यामुळं ह्याला फसवणूकही म्हणता येत नाही. दुसरं खोकं मागवायला लावलं, चार दिवस थांबलो, पक्कं बिल घेतलं.

त्या कार्डाला व्हीजीए नाही. मॉनिटर शेवटी बदलावाच लागला.