दहा महिने आणि एक पावसाळा : नव्या ग्रॅव्हल रेस सायकलचा डिचोलीतला अनुभव

ग्रॅव्हल म्हणजे खडीच्या, कच्च्या रस्त्यांवर शर्यतीसाठी बनवलेली सायकल. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती घरी आली, आता सप्टेंबर चालू आहे. मीटरवर 4,380 किलोमीटर झालेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त डांबर सोडून. याच मॉडेलची जुनी आवृत्ती मी पाच वर्षं चालवली होती, त्यामुळे नव्या डिझाइनमध्ये काय बदललं ते माझ्या हातापायांना लगेच कळलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जी मोठी तक्रार येणार आहे ती आजकालच्या बऱ्याच रेस सायकलींना लागू पडते. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी कुठल्याही ब्रँडची सायकल बघताना त्या जागा तपासाव्यात, एवढ्यासाठी हे लिहितोय.

आधी रस्त्यांबद्दल, कारण त्याशिवाय बाकीचं समजणार नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींची 88 लीज रद्द केल्यावर आमच्या खाणपट्ट्यातले ट्रकांचे रस्ते ओस पडले. पिसुर्ले, सुर्ल, वेळगे, पाळी या भागात आम्ही चार-पाच जण तेव्हापासून फिरतो. लीजच्या हद्दीत जात नाही, गावांना जोडणारे कच्चे रस्तेच पुष्कळ आहेत. आता काही ठिकाणी ट्रक परत सुरू झालेत, म्हणून रविवारी उजाडायच्या आत निघतो. जांभ्याची खडी वाटाण्याएवढी, गोलसर असते आणि तिच्याखालची जमीन रोलर फिरवल्यासारखी टणक. वळणावर चाकाखालून ती घरंगळते. जिथे ट्रक वेगाने जायचे तिथे रस्त्याला आडव्या लाटा पडल्यात, त्यावरून पाच मिनिटं गेलं की मनगटं बधिर होतात.

जुन्या सायकलवर 40 मिमीचा टायर जेमतेम बसायचा. तेव्हा ग्रॅव्हल सायकली सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे गवत-चिखलातल्या छोट्या फेऱ्यांच्या शर्यतीच्या सावलीतच वाढलेल्या होत्या, आणि तिथे शर्यतीत 33 मिमीपेक्षा रुंद टायर चालत नाही. मग शर्यती लांबत गेल्या. कॅन्ससमधल्या एम्पोरियाची अनबाउंड ही शर्यत 2006 मध्ये सुरू झाली, तिचं मुख्य अंतर 200 मैल, म्हणजे 320 किलोमीटर. 2022 पासून यूसीआयची, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, ग्रॅव्हलची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही होते. एवढा वेळ खडीवर वेगाने जायचं तर शरीराला पडणारे हादरे कमी करावे लागतात, म्हणून टायर रुंद होत गेले आणि फ्रेमला त्यांच्यासाठी जागा करावी लागली. माझ्या नव्या फ्रेममध्ये 45 मिमीचा टायर बसतो आणि दोन्ही बाजूंना करंगळी जाईल एवढी फट उरते.

या फटीचं महत्त्व जूनमध्ये कळलं. 2023 च्या अनबाउंडमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातच चिखलाने चाकं जाम झाली आणि स्वारांना सायकली उचलून चालावं लागलं होतं. तसला चिखल आम्हाला मृगाच्या पहिल्या सरींनंतर दारात मिळतो. लाल माती, खनिजाची बारीक भुकटी आणि कुजलेली पानं यांचं लिंपण टायरवर चढतं आणि चेनस्टेच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या फ्रेमच्या नळ्यांच्या बेचक्यात साचत जातं. जुन्या सायकलवर पाळीच्या उतारानंतर मी काडीने चिखल काढत बसायचो. तरी आतला रंग खरवडून कार्बन उघडा पडला होता. यंदा त्याच जागी मागचं चाक एकदाही अडलं नाही. चिखल चढतो, पण जागा असल्याने फिरत्या चाकाबरोबर फेकला जातो. बेचक्यात कंपनीने पातळ धातूची पट्टी चिकटवलीय, तिच्यावर चरे पडलेत, फ्रेमवर एकही नाही. माझ्या दृष्टीने सगळ्या नव्या डिझाइनमधली ही सगळ्यात मोलाची गोष्ट.

दुसरा बदल भूमितीचा. पुढचं चाक थोडं लांब गेलंय आणि त्याची भरपाई म्हणून हँडलला फ्रेमशी जोडणारा स्टेम 100 मिमीऐवजी 80 चा आला. कागदावर हे क्षुल्लक वाटतं. माझी साइझ लहान, 52. जुन्या सायकलवर हळू वळताना बुटाचं टोक चाकाला लागायचं आणि दिवाडीच्या खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतातल्या बांधावर, जिथे एका बाजूला शेत आणि दुसऱ्या बाजूला मानशीचं (पाण्याच्या दाराचं) पाणी, मी त्यामुळेच एकदा खाली गेलो होतो. आता बूट आणि चाक यांत दोन बोटांचं अंतर आहे. खडीवरच्या उतारावर हँडल हातात भांडत नाही. सुर्लच्या लाटांच्या रस्त्यावर मी पूर्वी ब्रेक धरून उतरायचो, आता ड्रॉप्स, म्हणजे हँडलचा खाली वळलेला भाग, धरून पेडल मारत उतरतो. याची दुसरी बाजूही आहे: म्हापशाच्या बाजारातून गर्दीत जाताना ती जुनीसारखी झटकन वळत नाही. शर्यतीची सायकल बाजारासाठी नाही, मला ते चालतं.

वजन, हवेचा अवरोध, वाचणारे वॅट हे सगळं जाहिरातीत खूप आहे. पेडल सोडून माझ्या काट्यावर 8.4 किलो भरली, जुनीपेक्षा साडेतीनशे ग्रॅम हलकी. चोर्ला घाटात फरक जाणवतो का? मला तरी नाही जाणवला.

टायरमधल्या हवेवर मात्र मी बरेच दिवस घालवले. माझं वजन 68 किलो. ट्यूबलेस 45 मिमी टायरला कोरड्या जांभ्यावर पुढे 26 आणि मागे 28 पीएसआय हे प्रमाण जमलं. पावसात दोन-दोनने कमी. डांबरावरून पणजीला जायचं असेल तर पाच वाढवतो. ट्यूबलेस टायरमध्ये भोकं आपोआप बुजवायला जे पातळ सीलंट घालतात, ते आपल्या उन्हात दोन महिन्यांच्या आत आटतं. पहिल्यांदा मला हे मार्चमध्ये रिवणजवळ भोक बुजेना तेव्हा कळलं. टायर उघडला तर आत नुसती रबरी सालं. आता दर सहा आठवड्यांनी प्रत्येक टायरमध्ये 40 मिली घालतो आणि तारीख टेपवर लिहून रिमला चिकटवतो.

एप्रिलमध्ये वेळग्याजवळ एक दगड उडून गिअर बदलणाऱ्या डिरेलरवर बसला आणि तो फ्रेमला जोडणारा हँगर वाकला. जुन्या सायकलचा हँगर त्याच मॉडेलचा लागायचा, तो यायला मला एकदा पाच आठवडे लागले होते, ऐन डिसेंबरात. नव्या फ्रेमवर स्रॅम या सुट्या भागांच्या कंपनीने 2019 मध्ये आणलेला युनिव्हर्सल हँगर आहे. मित्राची सायकल वेगळ्या कंपनीची, पण त्याच्या पिशवीतला हँगर माझ्या फ्रेमला बसला आणि आम्ही राइड पूर्ण करून साखळी गावात पातळ भाजी-पाव खायला वेळेवर पोचलो. पेडलचा दांडा ज्यात फिरतो तो बॉटम ब्रॅकेटही आता आट्यांचा आहे. जुना दाबून बसवायचा होता आणि प्रत्येक पावसाळ्यात ऑगस्टपासून करकरायला लागायचा. नवा अजून गप्प आहे. या दोन गोष्टींसाठी डिझाइन करणाऱ्यांना मनापासून धन्यवाद.

आता तक्रार. ब्रेकच्या नळ्या आणि वायरी हँडलबारमधून, स्टेमखालून, हेडसेटच्या (हँडल ज्यात फिरतं त्या बेअरिंगच्या जोडीच्या) आतून फ्रेममध्ये जातात. समोरून सायकल फार देखणी दिसते. पण आपल्याकडे समुद्राची खारी हवा, वर घाम आणि चार महिने खालून उडणारं पाणी. जुलैच्या शेवटी हँडल मधोमध आलं की किंचित अडकायला लागलं, टक्‌ असा एक खाचेत बसल्याचा स्पर्श. दुकानात नेली. वरचं बेअरिंग उघडलं तर त्याचा सील फुगलेला आणि आत ग्रीसच्या जागी विटेच्या रंगाचं पाणी. खालच्याची अवस्था त्याहून वाईट, बोटाने फिरवलं तर वाळू दळल्यासारखं.

दोन बेअरिंग बदलायची, एवढंच काम. पण दोन्ही नळ्या त्यांच्यामधून ओवलेल्या. म्हणजे ब्रेक सोडवा, नळ्यांची टोकं कापा, बेअरिंग बसवा, नळ्यांच्या टोकांना नवीन जोडतुकडे (ऑलिव्ह आणि बार्ब) लावा, पुन्हा ओवा, दोन्ही ब्रेकमधली हवा काढा (ब्लीड करा), बार टेप नवीन गुंडाळा. मेकॅनिक हुशार आहे, तरी त्याचे सहा तास गेले. बेअरिंगची किंमत मजुरीपुढे काहीच नव्हती. वॉरंटीत विचारलं तर उत्तर आलं की बेअरिंग झिजणारी वस्तू आहे. नियमाने बरोबर असेल. पण कारखान्यातून येताना खालच्या बेअरिंगवर ग्रीसचा जेमतेम हात फिरवलेला होता, हे मी स्वतः पाहिलंय, आणि त्या उत्तराचं मला वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात आमच्या वाड्यावर येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, पायरीवर बसून त्याच्या सायकलचं हेडसेट उघडत होता. पहाटे पाऊण तास पावसात पाव वाटून झाले होते, टोपली बाजूला ठेवलेली, हॉर्न अजून हँडलला. दोन पाने, एक जुनं फडकं, ग्रीसचा डबा. गोळ्या फडक्यावर मोजून घेतल्या, पुसल्या, ग्रीसमध्ये बुडवून परत लावल्या. माझा चहा संपेपर्यंत सायकल उभी. रोज पावसात फिरणाऱ्या सायकलचं हे काम असंच सोपं असायला हवं. शर्यतीची सायकल म्हणजे तर सगळ्यात जास्त मार खाणारी सायकल, मग तिथेच ते इतकं अवघड का करून ठेवलं? नळ्या आत लपवून वाचणारा वेग जोराच्या वाऱ्यात पुढे पळणाऱ्या व्यावसायिकाला मिळत असेल. वेळग्याच्या चिखलात ताशी 17 किलोमीटरने जाणाऱ्या मला तो मिळत नाही. पुढच्या आवृत्तीत कंपनीने नळ्या निदान फोर्कपर्यंत बाहेर ठेवाव्यात, ही माझी कळकळीची विनंती आहे.

डाउनट्यूबमधली (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीतली) सामानाची पेटीही कोकणच्या पावसाला तयार नाही. झाकणाला रबर आहे, तरी दोन तासांच्या पावसानंतर फ्रेम उलटी केली तर अर्धा पेला लाल पाणी निघालं. बॉटम ब्रॅकेटखाली निचऱ्याचं भोक आहे, त्यावर कारखान्याचं स्टिकर चिकटलेलं होतं. ते काढल्यापासून पाणी साचत नाही. नवीन सायकल घेणाऱ्याने पहिल्या दिवशी ही जागा उलटी करून बघावी.

ब्रेक पॅडबद्दल थोडक्यात: सोबत आलेले रेझिनचे पॅड जुलैत 600 किलोमीटरमध्ये संपले. धातूचे लावले, ओल्यात ओरडतात पण टिकलेत. चेनला थेंबाचं मेण कोरड्यात उत्तम, पावसात एका राइडमध्ये धुऊन जातं. जून ते सप्टेंबर ओल्या हवामानाचं तेल आणि घरी आल्यावर लगेच साधं पाणी. प्रेशर पंप नको, तोच बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत घालतो.

चोडणला जाताना रायबंदरच्या फेरीबोटीवर एका मासेवालीने फ्रेमवर टिचकी मारून विचारलं, "बाब, हिका मोटर आसा?" नाही म्हटल्यावर तिने फोर्कपासून मागच्या चाकापर्यंत नीट पाहिलं आणि उतरेपर्यंत हात सीटवर ठेवून सायकल धरून दिली. ती सायकल मलाही तितकीच आवडते, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

स्टेनलेस बेअरिंगचा एक जोड मागवून ठेवलाय, मरीन ग्रीसच्या डबीसकट. मेकॅनिकने या वेळी नळ्या थोड्या लांब ठेवल्यात, म्हणजे पुढच्या खेपेला टोक कापलं तरी पुरतील. मेच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख त्याच्याकडे आताच लिहून ठेवलीय, पाऊस सुरू व्हायच्या आत.