कुरणातली लीद: ढकलगाडी की बॅटरीची गाडी?

इंग्लंडमध्ये घोडा पाळला की कुरणातली लीद उचलणं आलंच. एक घोडा दिवसाला साधारण २० किलो लीद टाकतो. तिच्यातल्या जंतांच्या अळ्या गवतावर पसरण्याआधी, म्हणजे आठवड्यातून निदान दोनदा, ती उचलावी लागते.

साधी एकचाकी ढकलगाडी हलकी, स्वस्त. फार तर पंक्चर होईल. सपाट रानात दोन घोड्यांपुरती मला तीच पुरेशी वाटते. पण हिवाळ्याच्या चिखलात चाक रुतलं की सगळा भार मनगटांवर आणि कमरेवर येतो, आणि उकिरडा चढावर असेल तर प्रत्येक खेप जीव काढते.

तिथे बॅटरीची गाडी खरंच कामाची. मोटर चाक फिरवते, आपण दिशा द्यायची. कंबर दुखत असेल तर किमतीकडे बघू नका. मात्र मोटर म्हणजे पकड नव्हे: अरुंद चाक चिखलात जागच्या जागी फिरतं, म्हणून रुंद, खोल नक्षीचे टायर घ्या. उतारासाठी ब्रेक हवाच. थंडीत बॅटरी लवकर उतरते, आणि रानाच्या मध्यावर बंद पडलेली ती जड गाडी ढकलणं फार वाईट. धुताना मोटरवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका.