कोपराने माउस ढकलत सहा महिने

गणपतीच्या आधी आमच्या बडोद्याच्या ऑफिसात सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर वेळ मोजणारं सॉफ्टवेअर बसवलं. आता होळी आली. काम पाइपिंगच्या ड्रॉइंगचं, बिल मॅन-अवरवर, म्हणजे माणशी लागलेल्या तासांवर, तेव्हा कोणाचे तास कुठे गेले हे साहेबांना कळावं यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

हे मोजतं कसं, ते कळायला महिना गेला. मुख्यतः दोनच गोष्टी बघतं: पुढ्यात कोणती विंडो आहे, आणि कीबोर्ड-माउसला शेवटचा हात कधी लागला. पाच मिनिटं हात लागला नाही की तुम्ही ‘आयडल’, म्हणजे रिकामे बसलेले. क्लायंटशी फोनवर अर्धा तास डोकं फोडलं, तरी आयडल.

माझं घोडं इथेच अडलं. आयसोमेट्रिक, म्हणजे पाइपलाइनचं तिरक्या कोनातून दाखवलेलं ड्रॉइंग, मी कागदावर तपासतो. ए-थ्री प्रिंट टेबलावर, बरोबर त्यावर पिवळा हायलायटर, चूक तिथे लाल पेन. स्क्रीनवर तपासलं की व्हॉल्व्हची दिशा हमखास नजरेतून सुटते. एका मंगळवारी अठरा शीट तपासल्या, उलटा बसवलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा) पकडला, आणि रिपोर्टात माझं दिवसभराचं काम किती? दोन तास दहा मिनिटं! शेजारचा पोरगा एक्सेलच्या रकान्यांना रंग देत बसला होता, त्याचे सात तास. तेव्हापासून दर चार मिनिटांनी कोपराने माउस ढकलायची सवय लागली. (बाजारात माउस हलवणारं यंत्रही मिळतं, पण तेवढी लाज राखली.)

एका बाबतीत मात्र मानलं. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमच्या वरच्या पट्टीवर फाइलचं नाव असतं, ते हे वेळ मोजणारं सॉफ्टवेअर टिपून ठेवतं, म्हणून प्रत्येक ड्रॉइंगचे तास वेगळे निघतात. चौथ्या रिव्हिजनचे पैसे द्यायला क्लायंट कुरकुरत होता. तारीखवार यादी पाठवली, मुकाट्याने बिल पास झालं.

स्क्रीनशॉट ही खरी डोकेदुखी. दर दहा मिनिटांत एक, केव्हा ते सांगत नाही. जेवणाच्या सुट्टीत उघडलेलं माझं बँकेचं खातं त्यात आलं. त्यानंतर बोललो, तेव्हा आयडलची मर्यादा पंधरा मिनिटांवर गेली आणि कागदावरच्या तपासणीचे तास हाताने भरायची सोय झाली. ती आधीपासूनच होती, कोणी सेटिंग उघडून पाहिलं नव्हतं.

या सॉफ्टवेअरची वर्गणी पुन्हा भरायची का, असं साहेबांनी परवा विचारलं. भरा म्हटलं, पण स्क्रीनशॉट बंद करून. उत्तर अजून आलेलं नाही.